घर नंतर बघा, आधी दोघांच्या गाड्या बघा

प्रश्न: आम्ही कराडचे. मला वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, नोकरी मिळाली आहे. आठवड्यातून पाच दिवस, दहा ते साडेसहा. पत्नीला ऐरोलीच्या एका कंपनीत साडेनऊला पोहोचावं लागेल. मुलगी चार वर्षांची, आई सोबत येणार. तिचे गुडघे दुखतात. भाडं २२ हजारांपर्यंत देऊ शकतो. लगेच घेतलं तर ५५ ते ६० लाखांचं घर कर्जावर झेपेल. नातेवाईक डोंबिवली सुचवतात, एजंट बदलापूर दाखवतो ('घर मोठं मिळेल, मेट्रोही येतेय'), ऑफिसातले एकजण विरारला राहतात आणि एकजण उलवे म्हणतात. कुठे राहावं? भाड्याने की विकत? – स. न., कराड

उत्तर: नमस्कार. तुम्ही चार गावांची नावं दिलीत. त्यांतली दोन लगेच बाजूला काढता येतात, दोनांवर विचार करावा लागतो. पण तुम्हा दोघांच्या नोकऱ्या जिथे आहेत ते पाहता जी गावं सर्वांत आधी सुचायला हवी होती, ती यादीत नाहीतच. याचं कारण एवढंच की यादी घरांवरून तयार झाली आहे. मुंबईत ती रेल्वेच्या नकाशावरून करायची असते. तुमच्या बाबतीत तर दोन टोकांवरून, कारण घर एक आणि दारं दोन आहेत: एक बीकेसीचं, एक ऐरोलीचं.

आधी सोपं ते. विरारहून तुम्हाला वांद्र्यापर्यंत थेट फास्ट लोकल आहे, पण ऐरोलीला जायला विरारहून धड मार्ग नाही. दादरला उतरून ठाणे, ठाण्याहून पुन्हा गाडी. रोज हे करायचं नाही. विरार तुमच्यासाठी संपलं. उलव्याची घरं नवी आणि रस्ते रुंद आहेत, पण बामणडोंगरी-खारकोपर ही स्टेशनं उरणच्या फाट्यावर आहेत. तिथे हार्बर मार्गासारख्या पाच-दहा मिनिटांना गाड्या नाहीत आणि नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते. एक लोकल चुकली की त्या दिवशीचं वेळापत्रक कोसळतं. अटल सेतू जवळ आहे हे खरं, पण त्याचा उपयोग रोज टोल भरून गाडीने जाणाऱ्याला.

आता डोंबिवली आणि बदलापूर. इथे घरातून निघाल्यापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा वेळ मोजावा लागतो. 'कुर्ला चाळीस मिनिटं' एवढ्याने काही कळत नाही. पाच तुकडे मोजा: घर ते स्टेशन, फलाटावरची वाट, गाडीतला वेळ, उतरल्यावर पूल, आणि तिथून ऑफिस. डोंबिवलीहून फास्ट लोकलने कुर्ला साधारण ४० मिनिटं. त्याच्या मागे-पुढे स्टेशनपर्यंतची १५, फलाटावरची ५, कुर्ल्याच्या पुलावरची ८ आणि कुर्ला पश्चिमेहून बीकेसीपर्यंत बस किंवा शेअर रिक्षाची २५ मिनिटं धरा. तुमचा दीड तास झाला. पत्नीला ठाण्यापर्यंत २० मिनिटं, मग पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे ते नवी मुंबई मार्गाच्या, ९-१० नंबर फलाटांवर, तिथून ऐरोली १० मिनिटं. सगळं धरून सव्वा तास. बदलापूरहून हेच तुमचे दोन तास आणि पत्नीचे दीड तासाहून जास्त होतात.

घड्याळात डोंबिवली चांगली दिसते. अडचण गाडीत शिरण्याची आहे. सकाळी साडेसात ते दहा या वेळात डोंबिवलीला येणारी फास्ट लोकल कर्जत, कसारा, बदलापूर किंवा कल्याणहून भरून आलेली असते. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या मोजक्या, आणि त्यांची वेळ तुमच्या वेळेशी जुळायला हवी. फर्स्ट क्लासचा पास काढला तरी त्या तासांत तोही डबा भरलेला असतो. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडून जीव गेले. ते प्रवासी हौसेने दारात नव्हते, आत जागाच नव्हती. म्हणून 'होते हळूहळू सवय' असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. रोज दारात उभं राहावं लागणार असेल तर ते ठिकाण तुमच्यासाठी नाही.

संध्याकाळ याहून अवघड, आणि लोक तीच मोजायला विसरतात. पत्नी ऐरोलीहून साडेसहा-सातला ठाण्याला उतरणार आणि तिथे सीएसएमटीहून गच्च भरून आलेल्या कल्याण-बदलापूर गाडीत चढणार. ठाण्याहून कल्याणच्या पुढे सुटणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. बाकी वेळ लेडीज डब्यासमोर तीन-तीन रांगा असतात. सकाळी एक गाडी सोडून दुसरी घेता येते. संध्याकाळी घरी मुलगी वाट पाहत असते तेव्हा ती सोडवत नाही, आणि धोका तिथेच पत्करला जातो.

बदलापूरच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे: तिथून गाड्या सुटतात, त्यामुळे दहा मिनिटं आधी फलाटावर गेलं की बसायला मिळतं. दोन तास बसून जाणं हे दीड तास एका पायावर उभं राहण्यापेक्षा बरं, असं पुष्कळ लोक मानतात, आणि एकट्या माणसासाठी ते चूकही नाही. पण कल्याणच्या पुढे बदलापूर-कर्जतकडे दोनच रूळ आहेत आणि त्यांवरूनच पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस धावतात. एखादी एक्सप्रेस रखडली की मागच्या लोकलही अडकतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम सुरू आहे. ते झालं की चित्र बदलेल. पावसाळ्यात उल्हास नदी हा आणखी एक प्रश्न. २७ जुलै २०१९ ला तुमच्याच बाजूला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, ते तुम्हाला आठवत असेल. बदलापूर पश्चिमेला नदीकाठच्या सखल भागात घर पाहत असाल तर तिथल्या जुन्या रहिवाशांना पाणी कुठवर येतं ते विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

एजंट म्हणतो त्या मेट्रोचं एकच धोरण ठेवा: जिच्यात आज बसता येतं तिचाच हिशोब धरायचा. कल्याण-तळोजा मेट्रोचं काम चालू आहे म्हणून आज चौरस फुटाला जास्त दर देऊ नका. आज चालू असलेल्या मेट्रोंपैकी तुमच्या उपयोगाचं एक जोडकाम मात्र लक्षात ठेवा: घाटकोपरला उतरून मेट्रो १, मरोळ नाक्याला बदलून मेट्रो ३, आणि थेट बीकेसी. मध्य रेल्वेने येणाऱ्याला कुर्ल्याचा रस्ता पाण्याखाली गेला किंवा रिक्षाची रांग हलत नसली की हा मार्ग सोडवतो. रोजसाठी तो महाग आणि थोडा लांबचा आहे.

आता तुमच्या यादीत नसलेलं. हार्बर मार्ग सीएसएमटीहून कुर्ला, मानखुर्द, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर करत पनवेलला जातो. ट्रान्स-हार्बर ठाण्याहून दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असा येतो आणि तिथून त्याला दोन फाटे फुटतात, एक वाशीला आणि एक नेरूळमार्गे पनवेलला. म्हणजे नेरूळ ते पनवेल या पट्ट्यातल्या कुठल्याही स्टेशनवरून तुम्हाला कुर्ला थेट आहे आणि पत्नीला ऐरोली थेट. दोघांनाही गाडी बदलायची नाही.

यात नेरूळ-सीवूड्स तुमच्या आकड्यात बसणं कठीण. खारघर नावाने मोठं आहे, पण स्टेशन महामार्गाच्या कडेला आणि वस्ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली. वरच्या सेक्टरांतून स्टेशन चार-पाच किलोमीटर पडतं. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्याने त्या सेक्टरांना सोय झाली, पण मेट्रो अधिक लोकल म्हणजे पुन्हा गाडी बदलणं आलंच. म्हणून तुम्ही पाहावी अशी ठिकाणं तीन: मानसरोवर स्टेशनजवळचं कामोठे, खांदेश्वर स्टेशनला लागून असलेली खांदा कॉलनी, आणि नवीन पनवेलचा स्टेशनकडचा भाग. मानसरोवरहून कुर्ला ५० मिनिटांच्या आसपास, म्हणजे घर ते ऑफिस तुमचे पावणेदोन तास. पत्नीला ऐरोली ४० मिनिटं, म्हणजे सव्वा तासाच्या आत. गाड्या पनवेलहूनच सुटतात. पनवेलला जागा नक्की मिळते, खांदेश्वर-मानसरोवरला बहुतेक वेळा मिळते, खारघरला नशिबाने. तीन स्टेशनांच्या अंतरात एवढा फरक पडतो.

बदलापूरशी तुलना करा. तुमची येता-जाता मिळून अर्धा तास आणि पत्नीचा पाऊण तास ते एक तास बचत होते. महिन्याचे २२ दिवस धरले तर दोघांचे मिळून तीसेक तास. बदलापूरला भाड्यात पाच हजार वाचले असं समजा. तासाला पावणेदोनशे रुपयांहून कमी दराने तुम्ही तुमचा आणि तिचा वेळ विकताय. आणि शाळेतून 'मुलीला ताप आहे' असा फोन आला तर ऐरोलीहून मानसरोवरला पोहोचायला ठाण्याचा पूल मध्ये येत नाही.

हार्बरचे दोषही सांगायला हवेत. इथे फास्ट लोकल नाही. सगळ्या स्लो आणि रूळ दोनच, त्यामुळे खाडीपुलाच्या आसपास सिग्नल बिघडला की पूर्ण मार्ग थांबतो. संध्याकाळी कुर्ल्याहून वाशी आणि बेलापूरच्या गाड्या तुमच्या कामाच्या नाहीत, पनवेलचीच धरावी लागते, आणि ती भरलेली येते. वाशी-नेरूळनंतर सैल होते. कुर्ल्याला हार्बरचे ७ आणि ८ नंबर फलाट पूर्वेकडे आणि बीकेसीच्या बस-रिक्षा पश्चिमेला, म्हणजे रोज अख्खा पूल पार करायचा. बीकेसी हे एकच ठिकाण नाही हेही पाहा: ऑफिस एमटीएनएल जंक्शनच्या बाजूला असेल तर कुर्ला योग्य, कलानगर-कलेक्टर ऑफिसच्या बाजूला असेल तर कुर्ल्याहून शेवटचा टप्पा बराच लांबतो, तेव्हा आमचे २५ मिनिटांचे आकडे ३५-४० करून पुन्हा मांडा. पत्नीच्या ठाणे गाड्या पनवेलहून ठरावीक अंतराने आहेत. गाडी चुकली तर सीएसएमटीची लोकल पकडून नेरूळला उतरावं आणि तिथून सुटणारी ठाणे गाडी घ्यावी.

मुसळधार पावसात कुर्ला-चुनाभट्टीकडे रुळांवर पाणी आलं की हार्बर बंद पडते, पण वाशी-पनवेल आणि ठाण्याकडची वाहतूक बहुतेक वेळा सुरू ठेवता येते. म्हणजे तुम्ही अडकलात तरी पत्नी घरी पोहोचू शकते. घरात लहान मूल असताना दोघंही एकाच वेळी अडकू नयेत, ही जमेची बाजू भाड्याच्या आकड्यात दिसत नाही.

ट्रान्स-हार्बरवरच आणखी एक पर्याय आहे, आणि पहिल्या वर्षासाठी आम्ही तोच आधी पाहायला सांगू: कोपरखैरणे किंवा घणसोली. तिथून पत्नीचं ऑफिस दारापासून दारापर्यंत पाऊण तासाच्या आत येतं. तुम्हाला वाशीला गाडी बदलावी लागेल, पण एकूण दीड तासातच पोहोचाल. घर कामोठ्यापेक्षा लहान मिळेल, २२ हजारांत शोधाशोध करावी लागेल, आणि सिडकोच्या जुन्या बैठ्या किंवा दोन-तीन मजली घरांत लिफ्ट नसते. जिने अरुंद आणि उभे. आईंसाठी तळमजलाच बघा. पश्चिम महाराष्ट्रातली बरीच कुटुंबं तिथे आहेत, आईंना बोलायला माणसं मिळतील. डोंबिवलीची हीच जमेची बाजू आहे: जुन्या शाळा, दवाखाने, बाजार, मराठी शेजार. पत्नीची नोकरी घरून करण्याची असती किंवा ठाण्यात असती, तर आम्ही डोंबिवलीच सांगितली असती.

ठिकाण ठरवताना स्टेशनपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, पायी किती मिनिटं ते चालून पाहा. १२ मिनिटांच्या आत चालत येत असेल तर ते घर आपलं. शेअर रिक्षाच्या सीटमागे २० रुपये धरले तर दोघांचे येऊन-जाऊन महिन्याला १७६० होतात, आणि सेकंड क्लासच्या दोन पासांना मिळून त्याहून कमी लागतात. पावसात रिक्षा मिळत नाही आणि रात्री दहानंतर 'स्पेशल' मागतात, हे वेगळंच. जाहिरातीतल्या 'पनवेलजवळ' या शब्दांवर तर विश्वासच ठेवू नका: सुकापूर, विचुंबे, नेरे या बाजूच्या इमारती पनवेलच्या नावाने विकल्या जातात. नेऱ्याच्या बाजूने स्टेशन गाठायला रिक्षा किंवा बसच लागते, आणि उन्हाळ्यात अनेक ठिकाणी टँकरवर दिवस काढावे लागतात. पाण्याचं एजंटला विचारू नका. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मागच्या एप्रिल-मेचं टँकरचं बिल मागा आणि वॉचमनला विचारा पाणी किती वाजता, किती वेळ येतं. कळंबोलीत आणि गाढी नदीच्या काठाला पावसाचं पाणी साचतं; तळमजला घेणार असाल तर भिंतीवरच्या ओलीच्या रेषा पाहा. तळोजा एमआयडीसीच्या बाजूला रात्री रासायनिक वासाच्या तक्रारी असतात, म्हणून त्या भागातलं घर एकदा रात्री दहानंतर जाऊन पाहा.

निर्णयाआधी एक पूर्ण दिवस प्रवास करून बघा. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार घ्या. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि गर्दीही खरी नसते. दोघांनी मिळून मानसरोवरहून सकाळी आठच्या सुमारास आपापल्या गाडीत बसा. परतताना तुम्ही पावणेसातला कुर्ल्याच्या हार्बर फलाटावर असा आणि पत्नी त्याच वेळी ऐरोलीला. दुसऱ्या दिवशी हेच डोंबिवलीहून करा. एम-इंडिकेटरवर गाड्यांच्या वेळा कळतात, पण आत शिरता येईल की नाही ते फलाटावरच कळतं. आईंनाही एकदा स्टेशनवर न्या आणि लिफ्ट किंवा सरकता जिना खरंच चालू आहे का ते बघा. कामोठ्याला एमजीएम रुग्णालय आहे, ते त्यांच्या दृष्टीने जवळ पडेल. कराडला जा-ये करायलाही हा पट्टा सोयीचा: त्या बाजूच्या एसटी आणि खासगी बस कळंबोली-पनवेलवरूनच जातात. कोयना आणि महालक्ष्मीसाठी मात्र कल्याण गाठावं लागेल.

विकत की भाड्याने? पहिले अकरा महिने भाड्याने, आणि त्यांत जून ते सप्टेंबर यायलाच हवेत. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवूनच घ्या. पोलीस पडताळणी करून घ्या. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाचे पैसे कापणार का, हे करारात लिहून घ्या. करारात लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, असेल तर तो सहा महिन्यांहून जास्त नको.

मग घर घ्याल तेव्हा महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, क्रमांकावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. घरं घेतलेल्यांचे हप्ते मात्र चालूच राहिले. म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या प्रती घेऊन नगररचना विभागात स्वतः जा आणि क्रमांक जुळतो का ते पडताळा. नवी मुंबईच्या पट्ट्यात बहुतेक जमीन सिडकोची भाडेपट्ट्यावरची आहे, तेव्हा हस्तांतरणाचं शुल्क किती आणि ते कोण भरणार हे बयाण्याआधी ठरवा. गावठाणालगतची 'गरजेपोटी', म्हणजे गावकऱ्यांनी परवानगीशिवाय, बांधलेली घरं दहा-पंधरा लाखांनी स्वस्त दिसतील; त्यांना भोगवटा प्रमाणपत्र नसतं आणि राष्ट्रीयीकृत बँका सहसा कर्ज देत नाहीत. घर आवडलं की कागद आधी बँकेच्या वकिलाकडे द्या. त्याने लेखी होकार दिल्याशिवाय बिल्डरला किंवा एजंटला टोकनचा एक रुपयाही देऊ नका.